हाताला हुनर, मनाला विसावा
ठसेकामाचा छंद आणि आपले घर

वार्षिक परीक्षा संपत आली की पालकांची एक तक्रार ठरलेली असते. "टीचर, आता दोन महिने ही पोरं मोबाईल सोडणार नाहीत. काय करायचं यांचं?" विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात. थोडे बोलणे झाले की कळते, दुपारची कामे उरकल्यावर त्यांच्याही हातात मोबाईलच असतो. आजोबा नोकरीतून निवृत्त झाल्यापासून टीव्हीसमोरून उठत नाहीत. एका घरात चार माणसे, चार कोपरे आणि चार पडदे.

मोबाईल काढून घेतला तर भांडण होते, आणि दोन दिवसांनी तो परत मिळतो. रिकाम्या झालेल्या हाताला दुसरे काही दिले, तरच फरक पडतो. असे काम, जे लहानालाही जमेल, मोठ्यालाही कंटाळवाणे वाटणार नाही आणि ज्याला फार पैसे लागणार नाहीत. वर्गात आणि घरात बरेच काही करून पाहिल्यावर मी एका कामाची शिफारस नेहमी करते. ते म्हणजे ठसेकाम.

ठसेकाम म्हणजे काय?

भेंडीचा देठाकडचा भाग कापायचा, रंगात बुडवायचा आणि कागदावर दाबायचा, हे आपण सर्वांनी पहिली-दुसरीत केलेले आहे. कागदावर फूल उमटते. ठसेकामाचे मूळ तत्त्व एवढेच. एका पृष्ठभागावर आकृती तयार करायची, तिला शाई लावायची आणि तिची छाप दुसऱ्या पृष्ठभागावर घ्यायची. भेंडीच्या जागी लाकडाचा ठोकळा आला की वुडकट, लिनोलियमचा तुकडा आला की लिनोकट, आणि कापडावर लाकडी ठसे मारले की ब्लॉक प्रिंट. मोठ्या चित्रकारांनी हीच कामे केली आहेत. कलाशाळेत या विषयाला मुद्राचित्रण म्हणतात.

चित्र काढता येत नाही म्हणून अनेक जण कलेपासून लांब राहतात. ठसेकामात ही अडचण कमी येते. पिंपळाच्या पानाला मागून शाई लावून कागद दाबला, तर एकही रेघ न काढता सुंदर जाळी उमटते. चौकोनी खोडरबरावर एक तिरपी खाच पाडली आणि तोच ठसा चार दिशांनी फिरवून मारला, तर नक्षी तयार होते. पहिल्या अर्ध्या तासातच काहीतरी हाती लागते, म्हणून मूल टिकते आणि मोठा माणूसही टिकतो.

ही कला आपल्या ओळखीची आहे

आपल्याकडे ही कला परकी नाही. कच्छमधल्या अजरखचे नाव आपण ऐकले असेल. गडद निळ्या आणि लाल रंगातली, चांदण्या आणि चौकटींची ती भौमितिक नक्षी. ती छापणारी खत्री घराणी मुसलमान आहेत. सोळाव्या शतकात कच्छच्या रावांच्या बोलावण्यावरून त्यांचे पूर्वज सिंधमधून आले आणि धमडका गावी नदीकाठी वसले, असे ते सांगतात. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या बाग गावची छपाईही खत्री घराण्यांनीच नावारूपाला आणली. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या अवशेषांत मध्ययुगातल्या सुती कापडाचे तुकडे सापडले आहेत. ते गुजरातेत छापलेले होते. म्हणजे आपल्या छपाईकारांचे ठसे शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापार पोहोचले होते.

अजरखचे कापड बनवताना जे लागते, त्यातले निम्मे सामान स्वयंपाकघरात किंवा किराणा दुकानात मिळेल. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवतात. चुना आणि डिंक यांचे मिश्रण ठशाने लावतात, म्हणजे तेवढ्या जागी रंग धरत नाही. काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात दिवसेंदिवस आंबवतात आणि ते घट्ट करायला चिंचोक्याचे पीठ घालतात. लाल रंगासाठी तुरटी छापतात. मग निळीत बुडवणे, धुणे, वाळवणे, मंजिष्ठेत उकळणे, पुन्हा धुणे. अशा चौदा-सोळा पायऱ्या होतात.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडका उद्ध्वस्त झाले. रंगकामाला लागणारे पाणीही पहिल्यासारखे राहिले नाही. तेव्हा अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवे गाव वसवले आणि त्याला आपल्या कामाचेच नाव दिले, अजरखपूर. वडील मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंगांची मागे पडलेली पद्धत पुन्हा सुरू करून मुलांना शिकवली होती. त्यांचे चिरंजीव इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडमधील लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने २००३ साली मानद डॉक्टरेट दिली. घरे पडली, पण बापाने मुलाच्या हातात दिलेला हुनर शाबूत होता. त्यावर गाव पुन्हा उभे राहिले.

दगडावरची उर्दू

उर्दू वाचणाऱ्यांचे या कलेशी आणखी एक नाते आहे. जर्मनीत १७९६ साली अलॉयस सेनेफेल्डर याने दगडावरून छपाई करण्याची रीत शोधली. तिला लिथोग्राफी म्हणतात. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ती चालते. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे, मग दगड ओला करायचा. छपाईची शाई फक्त तेलकट अक्षरांवर बसते, ओल्या जागी बसत नाही.

नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांवर तिरपी उतरत येतात. शिशाचे सुटे खिळे जुळवून तिचा डौल साधत नसे. लिथोने हा प्रश्न सोडवला, कारण कातिबाने हाताने लिहिलेले जसेच्या तसे छापता येऊ लागले. लखनौच्या १८५८ साली सुरू झालेल्या नवल किशोर प्रेसने या पद्धतीने असंख्य उर्दू, फारसी, अरबी पुस्तके घरोघर पोहोचवली. संगणकावर नस्तालीक आली ती थेट १९८१ च्या सुमारास. तोपर्यंत आपल्या आजी-आजोबांनी जे उर्दू वाचले, त्यातले बरेचसे कोणा कातिबाच्या हाताचे अक्षर होते. जुनी किताब घरात असेल तर मुलांना जरूर दाखवा. ओळीच्या शेवटी जागा कमी पडली म्हणून वर चढवलेला शब्द त्यात सापडेल. मुलांना अशी जागा शोधायला फार आवडते.

या छंदातून काय मिळते?

पहिली गोष्ट म्हणजे सब्र. लिनोवर एक रेघ कोरायला घाई चालत नाही. घाई केली की हत्यार घसरते आणि नको तिथे खाच पडते. पेन्सिलची रेघ खोडता येते, कोरलेली रेघ खोडता येत नाही. मग मूल थोडा वेळ रुसते आणि नंतर त्या खाचेचेच पान किंवा डहाळी करते. चूक झाली म्हणून कागद फाडून टाकण्याची सवय मी अनेक हुशार मुलांमध्ये पाहते. ठसेकाम त्यांना हळूहळू त्या चुकीसह पुढे जायला शिकवते.

दुसरी गोष्ट, आधी विचार करण्याची सवय. ठशातली आकृती कागदावर उलटी उमटते, आरशात दिसावी तशी. शिवाय कोरलेला भाग कोरा राहतो आणि न कोरलेला भाग छापतो. म्हणजे हात लावण्याआधी दोन गोष्टी डोक्यात उलट्या करून पाहाव्या लागतात. भूमितीतली सममिती, परावर्तन, परिभ्रमण हे शब्द पाठ करून जे समजत नाही, ते एकच ठसा चार दिशांनी फिरवताना दहा मिनिटांत समजते. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे. ठसेकाम करणारे मूल तिच्यापुढे उभे राहिले की विचारते, "यातला एक तुकडा कोणता, आणि तो किती वेळा फिरवला आहे?" सहलीत फोटो काढून पुढे पळणाऱ्या मुलांनी असे थांबून पाहणे ही छोटी कमाई नाही.

तिसरी गोष्ट, वाटण्यातला आनंद. चित्र एकच असते, ते एकालाच देता येते. ठशातून पंचवीस प्रती निघतात. एकेकाळी ईद आली की कार्डे विकत घेऊन, पत्ते लिहून टपालात टाकली जात. आता एकच तयार चित्र दीडशे जणांना पुढे ढकलले जाते आणि कोणी ते नीट पाहतही नाही. मुलाने स्वतः कोरून छापलेले ईदकार्ड मामूजान, फुफू आणि शेजारच्या काकूंना मिळाले तर ते कपाटावर उभे राहते. दिवाळीला, लग्नाला, नव्या बाळाच्या आगमनाला असेच कार्ड देता येते. मुद्राचित्रकार प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने क्रमांक लिहितात. ३/२५ म्हणजे पंचवीस प्रतींपैकी तिसरी. मुलांनाही तसे लिहू द्या. आपल्या कामाची मोजदाद ठेवण्याचा अभिमान त्यात असतो.

चौथी गोष्ट, सर्वांना एका टेबलाभोवती आणणे. अम्मी कोरते, मधला शाई लावतो, सर्वांत धाकटी चमच्याच्या पाठीने कागद घासते आणि दादाजान दोरीवर चिमटे लावून छाप वाळत घालतात. कागद उचलण्याच्या क्षणी सगळे वाकून पाहतात. दिवसभर घरकामात असलेल्या बाईसाठी तर याचे मोल वेगळे आहे. स्वयंपाक खाऊन संपतो, धुतलेले कपडे पुन्हा मळतात. आपल्या हाताने केलेली एखादी गोष्ट तशीच उरते, याचे समाधान तिला क्वचित मिळते. हा छंद म्हणजे औषध नव्हे. कोणी फार उदास असेल तर डॉक्टरांकडेच जावे. पण दुपारचा एक तास स्वतःचा असावा, त्यात मन गुंतावे आणि शेवटी हातात काही असावे, एवढे तो नक्की देतो.

आजीचे अक्षर, नातीचा ठसा

मराठी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलांना उर्दू बोलता येते, पण लिहिता-वाचता येत नाही. घरातली उर्दू आजीबरोबर संपणार की काय, अशी अवस्था आहे. माझ्या वर्गातल्या सातवीतल्या एका मुलीने ठसेकामासाठी 'दुआ' हा शब्द निवडला. तिला उर्दू येत नव्हती, म्हणून तिने आजीकडून तो कागदावर लिहून घेतला आणि तसाच खोडरबरावर उतरवून कोरला. छाप उलटी आली. आजी हसली, मग तिने नातीला जवळ बसवून दाल कुठून सुरू होतो, ऐन कसा वळतो आणि अलिफला कसा जुळतो, ते बोट धरून दाखवले. दुसऱ्या वेळी शब्द सुलट उमटला. त्यानंतर मुलीने आपले नाव, मग आजीचे नाव लिहून मागितले. तीन अक्षरांच्या शब्दापासून सुरू झालेली ही शिकवणी पुढे रोज चालू राहिली. क्लास लावून जे जमले नसते, ते एका ठशाने झाले, कारण नातीला आजीची गरज पडली आणि आजीला ते आवडले.

उर्दू शब्द कोरायचे तर एक युक्ती सांगते. नुक्त्यांचे ठिपके कोरताना चटकन तुटून पडतात. म्हणून सुरुवातीला बिननुक्त्याचे शब्द घ्यावेत, जसे 'दुआ' आणि 'सलाम'. 'ईद' आणि 'मुबारक' यांना नुक्ते आहेत, ते हात बसल्यावर घ्यावेत. आणखी एक पथ्य असे, की सरावाचे कागद पुष्कळ वाया जातात आणि केरात जातात. त्यामुळे पवित्र नावे आणि आयती यांवर सराव करू नये. साधे शब्द, पाने, फुले, चांदण्या आणि चौकटी यांचाच साठा इतका मोठा आहे की वर्षभर पुरेल. ज्या घरात सजीवांची चित्रे टाळतात, तिथेही हा छंद कुठे अडत नाही.

झरीना हाश्मी

या कलेत उर्दू शब्दांना जगभर नेणारी एक बाई आपल्यातच होऊन गेली. झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७ साली अलीगढला झाला. वडील अलीगढ विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीना यांनी तिथेच गणिताची पदवी घेतली. लग्नानंतर पतीच्या परराष्ट्र खात्यातील नोकरीमुळे देशोदेशी राहणे झाले. पॅरिसमध्ये आणि टोकियोत त्या ठसेकाम शिकल्या आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले. अलीगढचे घर मागे राहिले.

१९९९ साली त्यांनी छत्तीस वुडकटचा एक संच केला. त्याचे नाव 'होम इज अ फॉरेन प्लेस'. प्रत्येक चित्रात थोड्या काळ्या रेषा आणि एक उर्दू शब्द. घराशी जोडलेल्या आठवणींचे शब्द. त्यांची बहीण रानी यांनी त्यांना लिहिलेली, पण टपालात न टाकलेली पत्रे पुढे त्यांच्या हाती आली. त्या अक्षरांवर घरांचे नकाशे आणि रेषा छापून त्यांनी २००४ साली 'लेटर्स फ्रॉम होम' हा संच केला. २०२० साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. गणित शिकलेली मुलगी कलाकार होऊ शकते, आणि बहिणीच्या साध्या पत्रातले अक्षर संग्रहालयात जपण्याइतके मोलाचे असते, या दोन गोष्टी आपल्या मुलींना त्यांच्या कामातून सांगता येतील.

घरी सुरुवात कशी करावी?

पहिल्या आठवड्यात काहीच विकत आणू नका. भेंडी, बटाटा, कांद्याची अर्धी फोड, झाडाची पाने आणि पोस्टर कलर एवढे पुरे. रंग पातळ नको. स्पंजच्या तुकड्यावर रंग घेऊन त्यावर ठसा दाबा, म्हणजे तो सारखा लागतो.

दुसऱ्या टप्प्यात मोठे खोडरबर घ्या. सोपी आकृती कोरा आणि वहीच्या एका पानावर ओळीने ठसे मारून नक्षी भरा.

तिसऱ्या टप्प्यात लिनो आणा. लिनोलियम जवसाच्या तेलापासून आणि बुचाच्या भुग्यापासून बनते. थंडीत ते कडक होते, म्हणून थोडा वेळ उन्हात ठेवून मग कोरावे. कलासाहित्याच्या दुकानात लिनो, कोरायची हत्यारे, छोटा रोलर आणि शाईची ट्यूब मिळते. हॉटेलात सगळ्या कुटुंबाने एकदा जेवायला जितके लागतात, साधारण तेवढ्या पैशांत हे सामान येते आणि महिनोन् महिने चालते.

चित्र आधी ट्रेसिंग पेपरवर गडद पेन्सिलीने काढा. तो कागद पालथा घालून लिनोवर घासा, म्हणजे चित्र आपोआप उलटे उतरते आणि छापल्यावर सुलट येते. जुन्या फरशीवर किंवा काचेवर शाईचा थेंब घेऊन रोलर फिरवा. शाई पातळ पसरली की रोलरचा सरसर आवाज येतो. तेव्हाच ती ठशावर लावा. वर कागद ठेवा, एका हाताने धरा आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा. एक कोपरा उचलून पाहा. फिके वाटले तर कोपरा परत ठेवून पुन्हा घासा.

कापडावर छापायचे असेल तर सुती कापड आधी धुऊन त्याची खळ काढा. टेबलावर जुनी गोधडी घालून वर कापड ताणून बसवा, खाली मऊपणा असला की ठसा पूर्ण उमटतो. कापडाचा रंग वापरा. वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करा. उशीचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल, जुनी ओढणी यांपासून सुरुवात चांगली.

काळजीचे दोन शब्द. कोरण्याचे हत्यार नेहमी स्वतःपासून दूर जाईल असे धरावे आणि दुसरा हात त्याच्या पुढे कधीही ठेवू नये, मागेच ठेवावा. दहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती हत्यार देऊ नये. त्यांनी शाई लावावी, ठसे मारावेत. त्यानंतरही मोठे माणूस शेजारी असावे.

छंद आणि बाजार

"यातून काही कमाई होईल का?" हा प्रश्न येतोच, आणि तो गैर नाही. हात बसल्यावर कापडी पिशव्या, रुमाल, कार्डे विकणाऱ्या बायका आहेत. शासकीय रेखाकला परीक्षा देणाऱ्या मुलांना नक्षीच्या प्रश्नात याचा उपयोग होतो. कोणाला पुढे शिकायचे असेल तर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थेची वाट आहे. पण पहिल्याच महिन्यात विक्रीचा हिशेब मांडला तर छंद मरतो. निदान एक वर्ष तरी फक्त आनंदासाठी करावे.

या छंदाचा एक फायदा मात्र आपल्या घराबाहेर पोहोचतो. ज्याने एक ओढणी स्वतः छापली, त्याला हातछपाईची किंमत कळते. बाजारात यंत्रावर अजरखची नक्कल छापून स्वस्तात विकतात, आणि पिढ्यान् पिढ्या हे काम करणाऱ्याचे खरे कापड मागे पडते. हाताने छापलेल्या कापडात दोन ठशांचा जोड कुठे कुठे किंचित सरकलेला दिसतो, एखादी छाप जरा गडद, एखादी जरा फिकी असते. पूर्वी ज्याला आपण दोष समजत होतो, तीच हाताची खूण आहे हे ठसेकाम करणाऱ्याला लगेच ओळखू येते. मग तो कारागिराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करत नाही.

या सुट्टीत एखाद्या दुपारी जेवण झाल्यावर दस्तरखान उचला, तिथेच जुने वर्तमानपत्र अंथरा, दोन भेंड्या कापा आणि घरातल्या सर्वांना हाक मारा. आजोबांना टीव्हीसमोरून उठवायला सर्वांत धाकट्याला पाठवा. त्याला ते नाही म्हणणार नाहीत.